बॉयलर चालू, घर मात्र गार

४ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे बॉस्टनमध्ये पारा उणे १० फॅरनहाइटवर, म्हणजे उणे २३ सेल्सिअसवर उतरला. १९५७ नंतर शहराने एवढी थंडी पाहिली नव्हती. अशा रात्री इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषय नसतो. थर्मोस्टॅट ७० वर आहे, घर ६२ च्या वर सरकत नाही, चांगला प्लंबर कुणाला माहीत आहे का? प्लंबरचा नंबर मिळतो, पण त्याच्याकडे आधीच रांग लागलेली असते. तो येईपर्यंतचे काही तास आपले आपल्यालाच काढायचे असतात. त्या तासांत काय बघायचं, कशाला हात लावायचा आणि कशाला मुळीच लावायचा नाही, एवढंच इथे सांगायचं आहे.

ज्यांच्या घरात जमिनीतल्या जाळीतून गरम हवा येते, त्यांची यंत्रणा वेगळी. ज्यांचे लोखंडी रेडिएटर फुसफुसतात, त्यांच्याकडे वाफ आहे, तेही वेगळं. हा लेख पाण्याच्या हीटिंगबद्दल आहे. बॉस्टनच्या पश्चिमेला श्रूजबरी, अ‍ॅक्टन, फ्रेमिंगहॅमकडे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं घर घेतलं असेल आणि भिंतीच्या तळाशी खिडक्यांखालून लांबच लांब पत्र्याची पट्टी गेलेली असेल, तर ते हेच.

पाणी जातं कुठे, येतं कुठून

तळघरात बॉयलर असतो, गॅसवर किंवा तेलावर चालणारा. जुन्या पद्धतीच्या बॉयलरमध्ये पाणी साधारण १८० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ८२ सेल्सिअसपर्यंत तापतं. सर्क्युलेटर नावाचा छोटा पंप ते तांब्याच्या पाइपांतून घरभर फिरवतो. भिंतीलगतच्या त्या पट्टीला बेसबोर्ड म्हणतात. तिच्या आत याच पाइपावर अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे ओवलेले असतात. खालून गार हवा आत शिरते, पत्र्यांना लागून तापते आणि वर निघते. पाणी वीसेक अंशांनी निवून परत बॉयलरकडे येतं. हे पाणी नळाच्या पाण्यात मिसळत नाही. तेच पाणी वर्षानुवर्षं गोल फिरत असतं. कधी थोडं बाहेर काढलंत आणि ते काळं निघालं तर दचकू नका, ते तसंच असतं.

घराचे दोन-तीन भाग पाडलेले असतात, त्यांना झोन म्हणतात. प्रत्येक झोनला स्वतःचा थर्मोस्टॅट आणि पाण्याची वाट उघडणारा-मिटणारा स्वतःचा झोन व्हॉल्व्ह, किंवा काही घरांत स्वतःचा पंप. थर्मोस्टॅट हे दिव्याच्या बटणासारखं काम करतं, पंख्याच्या रेग्युलेटरसारखं नाही. ते फक्त चालू किंवा बंद सांगतं. त्यामुळे घाबरून ८५ वर नेलं म्हणून घर लवकर तापत नाही.

थर्मोस्टॅटने मागणी केली की २४ व्होल्टच्या तारेतून झोन व्हॉल्व्हच्या मोटरला वीज जाते. व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो. पूर्ण उघडला की त्याच्या आतला एक छोटा स्विच दाबला जातो, आणि तो स्विच बॉयलरला सांगतो की आता पेट, पंप सुरू कर. हा क्रम ध्यानात ठेवा. व्हॉल्व्ह अर्ध्यावर अडकला तर बॉयलरला निरोपच पोचत नाही, आणि आपण मात्र बॉयलर बिघडला म्हणून बसतो.

बिघाड आहे, की थंडीच जास्त आहे?

कडाक्याच्या थंडीत हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा, आणि तोच बहुतेक जण विचारत नाहीत. घराचं हीटिंग आखताना त्या गावातली अगदी टोकाची थंडी धरत नाहीत. वर्षातले मोजके तास सोडले तर पारा ज्याच्या खाली जात नाही, असा एक आकडा धरतात. बॉस्टनसाठी तो १० फॅरनहाइटच्या आसपास आहे. आता हिशेब बघा. आत ७० आणि बाहेर १० असताना फरक ६० अंशांचा. बाहेर उणे १० झालं की फरक ८०. घरातून बाहेर जाणारी उष्णता साधारण या फरकाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे एक तृतीयांशाने जास्त. त्यात वारा सुटला की फटींतून घुसणारी हवा वेगळीच. नेमकी आखलेली यंत्रणा अशा रात्री अखंड चालेल आणि तरीही घर तीन-चार अंश खाली राहील. त्यात बिघाड काही नाही.

प्रत्यक्षात बहुतेक बॉयलर गरजेपेक्षा मोठेच बसवलेले असतात, कमी पडतात ते बेसबोर्ड. कोण कमी पडतंय हे ओळखायला तळघरात खुर्ची टाकून अर्धा तास बसायचं. सगळे थर्मोस्टॅट मागणी करत असताना बॉयलर १८० ला पोचून बंद पडतोय, थोड्या वेळाने परत पेटतोय, पुन्हा बंद, आणि वर घर ६३ वरच आहे? मग बॉयलरकडे उष्णता शिल्लक आहे, ती खोलीत उतरत नाहीये. अशा वेळी वर जाऊन बेसबोर्डची अवस्था बघा. समोर सोफा चिकटवलेला, खाली जाड गालिचा सरकवून हवेची वाट बंद केलेली, वरची झडप मिटलेली, आत दहा वर्षांची धूळ आणि कुत्र्याचे केस. १८० च्या पाण्यावर एक फूट बेसबोर्ड ताशी साधारण ५५० ते ६०० बीटीयू (उष्णतेचं एकक) देतो, पण ते हवा मोकळी खेळत असेल तरच. सोफा हातभर पुढे ओढणं हा या यंत्रणेतला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

याउलट बॉयलर सतत जळतोय आणि पाणी १५० च्या वर जातच नाही, तर बॉयलरची ताकद तरी संपली आहे किंवा बर्नर नीट जळत नाहीये. नंतर तळघर राहण्याजोगं करून घेताना किंवा वर खोली काढताना कुणी जादा झोन जोडलाय का, तेही आठवून बघा.

नव्या कंडेन्सिंग बॉयलरना, म्हणजे धुरातली वाफ निववून तिचीही उष्णता वापरणाऱ्यांना, हे गणित लावता येत नाही. ते बाहेरचं तापमान बघून पाणी किती तापवायचं हे स्वतः ठरवतात, आणि परतीचं पाणी १३० फॅरनहाइटच्या खाली असलं तरच त्यांची खरी बचत होते. बाहेर किती थंडी असताना पाणी किती तापवायचं, हे प्रमाण बसवणाऱ्याने फार खाली ठरवलं असेल, तर एरवी सगळं छान चालतं आणि नेमकं उणे १० ला घर गारठतं. बाहेरचा सेन्सर उन्हाच्या भिंतीवर असेल तर आणखी गंमत: बॉयलरला वाटतं, बाहेर ऊबदार आहे.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आंघोळीचं पाणीही याच बॉयलरवर तापत असेल, तर बहुतेक घरांत त्याला पहिला मान असतो. त्या पाण्याची टाकी तापत असताना घराचं हीटिंग थांबतं. पाहुणे आलेत, सकाळी लागोपाठ पाच आंघोळी झाल्या, आणि दहा वाजता घर गार. हा बिघाड नव्हे, पाहुणचार आहे.

आणि रात्री थर्मोस्टॅट उतरवायची सवय असेल तर अशा दोन-चार दिवसांपुरती ती सोडा. एक तर सकाळी पुन्हा तापायला दुपार होते. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. झोन मागणी करत नाही तेव्हा त्यातलं पाणी उभं असतं, आणि बाहेरच्या भिंतीतलं उभं पाणी गोठतं.

काहीच चालत नसेल तर

आधी अगदी साध्या गोष्टी. थर्मोस्टॅटची बॅटरी. तो 'हीट'वर आहे का. पॅनेलमधला ब्रेकर. आणि तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी असलेला लाल पट्टीचा स्विच. हा बॉयलरचा आणीबाणीचा स्विच आहे, पण दिसतो दिव्याच्या बटणासारखा आणि असतोही दिव्याच्या बटणाशेजारी. पाहुणा, मूल किंवा केबलवाला वर येताना दिवा समजून तो बंद करून जातो. थंडीच्या दिवसांत टेक्निशियन यावा, स्विच वर करावा आणि दीडशे-दोनशे डॉलर घेऊन जावा, हे इथे नेहमीचंच.

तेलाचा बॉयलर असेल तर टाकीचा काटा बघा. टाकी घराबाहेर असेल तर तेल असूनही पोचत नाही, कारण हीटिंगचं तेल कडक थंडीत मेणचट होऊन फिल्टर तुंबवतं. म्हणून बाहेरच्या टाकीत हिवाळ्यासाठी केरोसीन मिसळून घेतात. बर्नरवर लाल रिसेट बटण असतं. ते एकदा दाबायचं, फक्त एकदा. पेटला नाही तर फोन करायचा. परत परत दाबलं की दर वेळी न जळलेलं तेल भट्टीत साचतं, आणि शेवटी पेट घेतं तेव्हा भडका उडून काजळी घरभर होते.

गॅसवाल्यांनी आधी स्वयंपाकघरातली शेगडी पेटते का ते पाहावं. पेटली तर गॅस येतोय. नव्या बॉयलरच्या पडद्यावर एरर कोड असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. मग कोट चढवून बाहेर जा. या बॉयलरचे दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप भिंतीतून बाहेर निघतात, एक हवा आत घेणारा, एक धूर बाहेर सोडणारा. बर्फाच्या ढिगाने किंवा लोंबणाऱ्या बर्फाने ते बुजले असतील तर बॉयलर स्वतःहून बंद होतो, आणि ते बरंच आहे. हाताने हळूच मोकळे करा. फावड्याने पाइप फुटतो. याच बॉयलरमधून थेंबथेंब पाणी निघतं. त्याची बारीक नळी थंड भागातून किंवा बाहेरून गेली असेल तर ती गोठते, पाणी मागे साचतं आणि बॉयलर अडून बसतो. त्या नळीवर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळायचं. उकळतं पाणी ओतायचं नाही.

एकच भाग गार असेल तर

ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि इथे आपल्या हातात खरंच काहीतरी आहे. पाण्याच्या वाटेने जायचं आणि ऊब कुठे संपते ते शोधायचं. पाइप चाचपायचा तो जाड हातमोजा घालून, क्षणभर. १८० चं पाणी असलेल्या तांब्याने कातडी सोलून निघते. त्यापेक्षा वीस-तीस डॉलरचं इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन ठेवा. मात्र चकाकत्या तांब्यावर ते चुकीचं दाखवतं. तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर धरायचं.

त्या झोनचा थर्मोस्टॅट वाढवून तळघरात या. बॉयलरमधून निघणारा पाइप गरम आहे, पंपाच्या पुढे मात्र गार, तर पंप. तो गुणगुणतोय पण फिरत नाही, किंवा अगदीच गप्प आहे. पंपाच्या पुढेही गरम, झोन व्हॉल्व्हपर्यंत गरम आणि व्हॉल्व्हच्या पलीकडे गार, तर व्हॉल्व्ह. बऱ्याच व्हॉल्व्हच्या बाजूला एक छोटी दांडी असते. ती सरकवून खाचेत अडकवली की व्हॉल्व्ह हाताने उघडा राहतो. दांडी सरकताना थोडा विरोध जाणवतो. अगदी सैल सरकली तर व्हॉल्व्ह आधीच उघडा आहे. असा हाताने उघडल्यावर बॉयलरला निरोप जाईलच असं नाही, म्हणून दुसऱ्या एखाद्या झोनचा थर्मोस्टॅट वर ठेवा, त्याच्याबरोबर याचंही पाणी फिरेल. रात्र निघून जाते.

व्हॉल्व्हच्या पलीकडेही पाइप गरम असेल आणि तरी वरची शेवटची खोली गार असेल, तर दोनच शक्यता उरतात: हवा किंवा बर्फ.

हवेला आवाज असतो. पाइपातून खळखळ ऐकू येते, जणू भिंतीत ओढा. सगळ्यात वरच्या मजल्यावर, बेसबोर्डच्या टोकाच्या पत्र्याआड एक छोटा स्क्रू असतो. पंप बंद करून, खाली वाटी आणि फडकं धरून तो अर्धा-पाऊण आटा सैल करायचा. आधी फुस्स, मग थुंकल्यासारखं पाणी, मग सलग धार. धार लागली की बंद. हे करण्याआधी बॉयलरवरचा दाबाचा काटा बघा, कारण दाब नसेल तर हवा बाहेर यायच्या ऐवजी आत ओढली जाते.

तो काटा यंत्रणा थंड असताना १२ पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) आसपास हवा. १२ च का? एक पीएसआय दाब पाण्याला २.३१ फूट वर चढवतो. तळघरातल्या बॉयलरपासून दुमजली घराच्या वरच्या बेसबोर्डपर्यंत साधारण अठरा-वीस फूट, म्हणजे आठ-नऊ पीएसआय. वर तीन-चार शिलकीला. काटा ५ वर असेल तर वरच्या मजल्यावर पाणीच पोचत नाही, आणि खालचा मजला मात्र छान ऊबदार. नळाचं पाणी आपोआप भरणारा व्हॉल्व्ह तुंबला असेल किंवा कुठेतरी गळती असेल. पण बॉयलर कोरडा पडून तापलेला असेल तर त्यात गार पाणी मुळीच सोडू नका. बिडाचा बॉयलर तडकतो, आणि मग खर्च हजारांत जातो.

उलट, तापल्यावर काटा ३० कडे धावत असेल आणि बॉयलरच्या बाजूच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीतून पाणी ठिबकत असेल, तर संशय एक्स्पान्शन टँकवर घ्यावा. तापलेलं पाणी फुगतं, त्याला जागा म्हणून ही छोटी टाकी असते. मध्ये रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. बोटाने ठोकून बघा. एक बाजू पोकळ वाजायला हवी. दोन्ही बाजू सारख्याच बद्द वाजल्या, तर टाकी पाण्याने भरली आहे. हवेच्या बाजूला गाडीच्या चाकाला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो. त्याची पिन किंचित दाबल्यावर पाणी आलं तर पडदा फाटला, टाकी बदलायची. ठिबकणारा तो सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र बूच मारून, टोपी लावून बंद करू नका. ३० ला उघडणं हेच त्याचं काम आहे, आणि तो बंद केला तर तळघरात बॉम्ब ठेवल्यासारखं होईल.

पाइप गोठला असेल तर

बर्फाला आवाज नसतो. पंप चालू, व्हॉल्व्ह उघडा, काटा १५ वर, खळखळ नाही, आणि काल रात्रीपर्यंत चालणारा झोन आज सकाळी मुका. अशा वेळी गोठल्याचंच धरून चाला. जागाही ठरलेल्या असतात: गॅरेजवरची खोली, भिंतीबाहेर पुढे आलेला मजला, बे विंडो (भिंतीबाहेर पुढे आलेली खिडकी), आणि तळघरात घराचा लाकडी सांगाडा जिथे घराच्या पायावर टेकतो ती फट. बारीक फटीतून नेमका पाइपावर येणारा वारा नुसत्या थंडीपेक्षा वाईट.

पाणी गोठताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. पण पाइप बर्फ असतो तिथेच फुटतो असं नाही. बर्फाची गाठ आणि पुढची बंद वाट यांच्यामध्ये पाणी कोंडतं, दाब चढत जातो आणि कच्चा सांधा उसवतो. तोही लगेच कळत नाही, कारण बर्फानेच भोक बुजवलेलं असतं. गळती सुरू होते ती वितळल्यावर. म्हणून वितळवायला लागण्याआधी बॉयलरला नळाचं पाणी भरणारा व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधून बंद करा. तो उघडा राहिला तर फुटलेल्या पाइपाला नळाचं पाणी मिळत राहतं आणि खालचं छत खाली येतं. त्या झोनचा व्हॉल्व्ह उघडा आणि पंप चालू ठेवा. बेसबोर्डचं पत्र्याचं झाकण काढा, खोलीचं दार उघडा, घरातली गरम हवा छोट्या पंख्याने तिकडे ढकला. हेअर ड्रायरने पाइप एका टोकापासून शेकत जा. ब्लो टॉर्च नको. सुक्या लाकडाच्या भिंतीत आग लागली तर ती आतल्या आत चढते. दोन तासांत फरक पडला नाही, किंवा कुठे ओल दिसली, तर हात मागे घ्या.

वीज गेली तर गॅसचा बॉयलरही बंद पडतो, कारण पंप आणि इग्निशन विजेवर चालतात. काही तासांनी फारसं बिघडत नाही. पण दिवसभर येणार नसेल आणि घर ४० च्या खाली घसरत असेल, तर पाणी काढून टाकणं हाच उपाय. ते काम जाणकाराला सांगा. जनरेटर बाहेर, घरापासून निदान वीस फुटांवर. गॅरेजचं दार उघडं ठेवूनसुद्धा आत नाही. ओव्हन उघडा ठेवून घर तापवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मॅसॅच्युसेट्समध्ये घरोघरी त्याचा अलार्म सक्तीचा झाला तो २००६ पासून, आणि तो कायदा आला प्लिमथमध्ये बर्फाने हीटिंगचा व्हेंट बुजून सात वर्षांची मुलगी गेल्यानंतर. अलार्म वाजला किंवा गॅसचा वास आला तर आधी घराबाहेर, फोन तिथून.

टेक्निशियनशी बोलताना "हीट येत नाहीये" एवढंच सांगू नका. काटा किती, पाणी किती तापलंय, कोणता झोन, पाइप कुठपर्यंत गरम, एरर कोड काय, रिसेट कितीदा दाबला, हे सांगा. घरात तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर तेही सांगा; रांगेत नंबर पुढे जातो. तो आला की त्याच्या मागोमाग तळघरात उतरा आणि प्रत्येक व्हॉल्व्ह कशाचा ते विचारून चिठ्ठ्या लावून घ्या. एखादा झोन वरचेवर गोठत असेल तर फट बुजवून इन्सुलेशन करायला सांगा. तेवढ्याने भागलं नाही, तर पाण्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल, म्हणजे पाणी गोठू न देणारा द्रव, घालायचं का ते विचारा. गाडीचं अँटिफ्रीझ चालत नाही, ते विषारी असतं. आणि ग्लायकॉल एकदा घातलं की त्याची ताकद दर वर्षी तपासून घ्यावी लागते, शिवाय पाणी भरणारा व्हॉल्व्ह आपोआप चालू ठेवता येत नाही.